रुग्णवाहिकेतल्या माणसांचा थकवा

अपघात झाला की आपण १०८ क्रमांक फिरवतो आणि गाडी किती मिनिटांत आली ते मोजतो. त्या गाडीतले डॉक्टर आणि ‘पायलट’ म्हणजे चालक हे काम किती वर्षे करू शकतील, याचा हिशेब कोणी मांडत नाही. २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांनिशी ही सेवा राज्यात सुरू झाली. गाड्या जुन्या झाल्या की बदलायच्या, हे आपल्याला कळते. माणसे थकली की काय करायचे, हे अजून ठरलेले नाही.

या थकव्याला ‘बर्नआउट’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या वर्गीकरणात त्याची नोंद आजार म्हणून नाही, तर कामावरचा ताण सतत राहिल्याने आणि तो नीट न हाताळल्याने होणारा परिणाम म्हणून आहे. लक्षणे तीन : अंगातली शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी तुटलेपणा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही, असे वाटू लागणे.

रात्रपाळी, अरुंद जिन्यावरून उतरवायचे स्ट्रेचर, संतापलेले नातेवाईक हे ताण दिसतात. न दिसणारा ताण वेगळाच आहे. रुग्ण रुग्णालयाच्या दारात सोपवला की लगेच पुढचा कॉल येतो. तो रुग्ण वाचला की गेला, हे बहुतेकदा कळतच नाही. मरण मात्र डोळ्यांसमोर घडते. कष्टाचे फळ न दिसणारे काम माणसाला आतून पोखरते.

मग कोणी स्वतःचा दवाखाना थाटतो, कोणी रुग्णालयात नोकरी धरतो, कोणी शाळेची बस चालवतो. लोक म्हणतात, ‘टिकला नाही.’ हे बोलणे अन्यायाचे आहे. वेळीच बाजूला होणे हा शहाणपणा असू शकतो. खरा तोटा व्यवस्थेचा होतो, कारण वर्षानुवर्षांचा अनुभव त्या माणसाबरोबर निघून जातो.

तो राखता येईल. काही काळ गाडीवर, काही काळ नियंत्रण कक्षात किंवा प्रशिक्षणात, अशी आलटूनपालटून नेमणूक करावी. सोपवलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले, हे पथकाला कळवावे. भीषण अपघातानंतर किंवा बालमृत्यूनंतर लगेच पुढच्या कॉलवर न पाठवता बोलायला वेळ द्यावा. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिक कायद्यात आपत्कालीन तंत्रज्ञांचाही समावेश आहे. त्याखालच्या नोंदणीत हा अनुभव धरला गेला, तर दुसरीकडे जाणाऱ्याला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

काम सोडायच्या विचारात असलेल्यांनी एक फरक ओळखावा. एखादा प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत असेल, त्याच्या स्वप्नाने दचकून जाग येत असेल, तर ते केवळ बर्नआउट नसू शकते. नोकरी बदलून हा त्रास जाईलच असे नाही. त्यावर मानसोपचार आहेत. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. निर्णय रात्रपाळी संपवून घेऊ नये, झोप पूर्ण झाल्यावर घ्यावा.

आणि सरकारने पुढच्या वेळी नव्या गाड्यांची संख्या जाहीर करताना, त्यातली किती माणसे वर्षभरात सोडून गेली, तेही सांगावे.