अक्षराला धनी कोण?

परवा शेजारचे एक तरुण चित्रकार तोंड पाडून आले. दोन वर्षे खपून त्यांनी देवनागरीचे नवे वळण घडविले. आणि आता तेच, नाव तेवढे बदलून, दुसराच कोणी विकतो आहे. "काका, कविता चोरली तर खटला भरता येतो, मग अक्षर चोरले तर?" मी चष्मा पुसू लागलो. उत्तर ठाऊक नसले की माझा चष्मा हटकून धुरकटतो.

मग ग्रंथ चाळले. मौज अशी की, अमेरिकेतले पहिलेवहिले डिझाइन-पेटंट १८४२ साली मिळाले ते जॉर्ज ब्रूस यांच्या छापाच्या टाइपांनाच! पण पेटंटाला मुदत आली आणि खर्चही. कॉपीराइट मागावा तर दार बंद. हेर्मान झाफ या थोर जर्मन अक्षरकाराच्या 'ओरायन' टाइपाची नोंद तिथल्या कचेरीने नाकारली, आणि १९७८ साली अपील न्यायालयाने तो नकार उचलून धरला. अक्षर ही उपयोगाची वस्तू; तिचे रूप तिच्यापासून वेगळे काढता येत नाही, हे कारण. पुढे संगणक आले, तेव्हा फॉन्टच्या प्रोग्रामला मात्र कॉपीराइट मिळाला. म्हणजे घागरीला राखण, पाणी मोकळे!

इंग्लंडने १९८८ च्या कायद्यात बरी वाट काढली. टाइप बाजारात आल्यावर २५ वर्षे नकलेची साधने करणाऱ्याला व विकणाऱ्याला आळा. त्या टाइपाने पुस्तक छापणाऱ्याला मात्र धक्का नाही.

आणि आपल्याकडे? २००० सालच्या डिझाइन कायद्याखाली नोंद झाली तर १० वर्षे, वाढवून घेतल्यास आणखी ५. पण नोंदीपूर्वी ते रूप सहसा जगाला दाखविता कामा नये.

"दाखविले होते का?" मी विचारले.

"प्रदर्शनात मांडले होते. लोकांनी वाहवा केली हो!" ते पुटपुटले.

वाहवेनेच घात केला. एक आशा उरली. चोराने आकार पाहून नव्याने न रेखता फाइलच उचलली असेल, तर प्रोग्रामचा कॉपीराइट आहे. एका वकिलांचा पत्ता देऊन त्यांना वाटेला लावले.

र. कृ. जोशींच्या 'मंगल' फॉन्टात कितीकांनी अर्ज लिहिले, बदलीचे हुकूम वाचले. जोशींचे नाव किती जणांना ठाऊक? ज्याचा क्षय होत नाही ते अक्षर, असे आम्ही शाळेत शिकलो. ते घडविणाऱ्याला मात्र दोन वेळा भूक लागते, हे कोणी शिकविलेच नाही.