पंढरपूरच्या पोरांना उद्योजक ठरवू नका

परेश मोकाशी यांचा ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४) शाळाशाळांतून जरूर दाखवावा, पण उद्योजकतेचा धडा म्हणून नको. पंढरपूरचा ज्ञानेश आणि त्याची धाकटी बहीण मित्रांना हाताशी धरून, आईला पत्ता लागू न देता, कार्तिकीच्या यात्रेत बांगड्यांचं दुकान मांडतात. त्यांची धांदल पाहून हसू येतं आणि यायलाच हवं. मात्र ही वेळ त्यांच्यावर का आली, हेही चित्रपट स्पष्ट सांगतो. आई मशीनवर स्वेटर विणून घर चालवते. कर्ज थकल्यामुळे बँकेनं ते मशीनच नेलं आहे. ज्या मशीनच्या कमाईतून हप्ते फिटायचे, तेच उचलून नेल्यावर पैसे येणार कुठून? म्हणून वडिलांची आठवण असलेली ‘एलिझाबेथ’ ही सायकल विकायला निघते. पोरांना नफा नको आहे, सायकल वाचवायची आहे.

अशा विनोदानं बालमजुरी गोड होते, असा आक्षेप घेता येईल. पण इथे हसू येतं ते मुलांच्या गरिबीला नव्हे, तर मोठ्यांचा व्यवहार ती ज्या निष्ठेनं करू पाहतात त्याला. ‘एलिझाबेथ एकादशी’सोबत सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार विभागून मिळालेल्या तमिळ ‘काक्का मुट्टै’तही पिझ्झासाठी रुळांलगतचा कोळसा वेचणारे दोन भाऊ आहेत. दोन्हीकडे हसता हसता मोठ्यांच्या जगाची झडती होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: विक्री केल्यानं मुलं हिशेब शिकतात, धीट होतात. खरंच आहे, म्हणून तर शाळांत आनंदनगरी भरते. पण तिथे भेळ उरली तर कुणाची सायकल जात नाही. २०१६ च्या कायदादुरुस्तीनं १४ वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यावर बंदी घातली आणि शाळेची वेळ सोडून घरच्या व्यवसायात मदत करण्याची मुभा ठेवली. मुलाच्या हातावर घराचा हप्ता अवलंबून राहिला, की ती मदत उरत नाही. राहिला प्रश्न मशीन उचलण्याचा: न्यायालयाच्या हुकुमाच्या वसुलीतही कारागिराची अवजारं जप्तीतून वगळलेली आहेत. तारण मशीन उचलण्याआधी कर्ज देणाऱ्यांनीही त्यामागचा विचार पाळायला हवा. म्हणून चित्रपट संपल्यावर मुलांना ‘तुम्ही कोणता धंदा कराल?’ असं विचारू नये. ‘आईचं मशीन न नेता कर्ज कसं फेडता आलं असतं?’ हे गणित त्यांना घालावं, आणि मोठ्यांनीही ते सोडवावं.