कार्बोरेटर निर्दोष आहे!

कुठलीही जुनी गाडी बंद पडली की आपल्याकडे पहिला आरोपी ठरलेला असतो. कार्बोरेटर! पंचनामा नाही, साक्षीपुरावा नाही, एकदम शिक्षा. आमच्या हिमायतनगरात परमेश्वराच्या देवळापासून रेल्वे स्टेशनापर्यंत कुठेही बॉनेट उघडून उभे राहा, दोन मिनिटांत चार माणसे जमतात. एक किराणावाला, एक मास्तर, एक टायर पंक्चरवाला आणि एक सहज चाललेला. लग्नाच्या मानपानावर ज्यांचे सात जन्मांत एकमत होणार नाही, ते चौघे इथे एका सुरात सांगतात, "कार्बोरेटरमधी कचरा आलाय."

या अन्यायाविरुद्ध मला आज कडकडून बोलायचे आहे.

मी बँकेतला क्लार्क. गाडीचे शास्त्र शिकलेलो नाही, बी.कॉम. आहे. पण बी.कॉम.ला एक गोष्ट शिकवतात, ती आमच्याकडच्या गॅरेजांत शिकवत नाहीत. तेरीज जुळली नाही तर नवी खतावणी विकत आणायची नसते. आधी फरक किती ते बघायचे. तेवढ्याच रकमेची एखादी नोंद राहून गेली का? फरकाच्या निम्मी रक्कम भलत्या बाजूला पडली का? फरकाला नवाने भाग जातो का? जात असेल तर बहुधा कुणीतरी 54 चे 45 लिहिलेले असतात. आपण कुठून आलो हे फरक स्वतःच सांगत असतो. ऐकणारा पाहिजे.

इंजिन तरी वेगळे काय करते? त्याला लागते हवा आणि पेट्रोल यांचे बेताचे मिश्रण, वेळेवर ठिणगी आणि पुरेसा दाब. प्लग काढून नुसता डोळ्यांनी बघा. तपकिरी असेल तर संसार सुखाचा आहे. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर कमी, आणि तेलाने माखला असेल तर इंजिन ऑइल पिऊ लागले आहे. दाब कमी भरला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचा. वाढला तर रिंगा गेल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्हकडे बघा. सगळे मिळून तासाभराचे काम. पण तासभर विचार करण्यापेक्षा दोन दिवस इंजिन खोलत बसणे आपल्या लोकांना कमी कष्टाचे वाटते.

आता आमच्या मामांची काँटेसा घ्या. 1984 साली ही गाडी निघाली तेव्हा अंग विलायती व्हॉक्सहॉलचे आणि इंजिन ॲम्बॅसेडरचे. पैलवानाच्या छातीत कारकुनाचे काळीज! पुढे तिला 1.8 लिटरचे जपानी इसुझु इंजिन बसले, पाचवा गिअर आला, आणि मग मात्र तिला मागे टाकणे कुणाचे काम राहिले नाही. 2002 साली कंपनीने ती बनवणे थांबवले. मामांनी चालवणे थांबवले नाही.

गेल्या वर्षी तिला एक आजार जडला. भोकरच्या रस्त्याला लागली की पंधरा-वीस किलोमीटर वाऱ्यासारखी जायची, मग दोन-तीन आचके देऊन बंद. दहा मिनिटे झाडाखाली उभी केली की जशी काही झालेच नाही अशी चालू. मामांनी ती एका गॅरेजात नेली. नाव सांगत नाही. तुमच्याही गावात ते आहेच. तिथे प्लग बदलले, कॉइल बदलली, पेट्रोल पंप बदलला आणि अर्थातच कार्बोरेटर बदलला. एकोणीस हजार गेले. गाडी भोकरच्या रस्त्यावर त्याच झाडाखाली. काढलेले पार्ट मी परत मागितले तर गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, ते घेऊन काय करायलात?" नवा एक पोरगा स्कॅनर घेऊन आला होता. तो गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घालून म्हणाला, "हिला तर लावायला जागाच न्हाई." मग निकाल लागला. इंजिन उतरवावे लागेल.

मध्ये एका विद्वानाने इथेनॉलवर खापर फोडले. पेट्रोलमध्ये हल्ली वीस टक्के इथेनॉल असते, खरे आहे. जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही आणि मिश्रण पातळ पडते, हेही खरे. पण इथेनॉल कधी झाडाखाली दहा मिनिटे विश्रांती घेऊन बरे होते का?

शेवटी नांदेडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. तीन प्रश्न विचारले. कधीपासून? दिवाळीपासून. दिवाळीत काय झाले? काही नाही, पंपावर टाकीचे झाकण हरवले, दुसऱ्या गाडीचे बसवले. टाकी फुल्ल केली की लवकर बंद पडते का?

"तेच तर!" मामा उसळले. "म्हणून मी म्हणतो, त्या पंपवाल्याच्या पेट्रोलमध्येच..."

मिस्त्रींनी हात वर करून त्यांना थांबवले आणि गाडीत बसले. गावाबाहेर ती ठरल्याप्रमाणे बंद पडली. मिस्त्री शांतपणे मागे गेले, टाकीचे झाकण फिरवले. 'फुस्स' आवाज झाला. गाडी लगेच चालू.

"हवा अंदर जाएगी तो पेट्रोल बाहर आएगा ना, मामू."

नव्या झाकणाला हवेचे भोकच नव्हते. पेट्रोल उपसले जाई तशी टाकीत पोकळी होई, आणि पुढचा पंप ओढून ओढून थके. उभी केली की कुठून तरी थोडी हवा शिरे. भरल्या टाकीत मुळात हवा थोडी, म्हणून पोकळी लवकर. फरकाला नवाने भाग गेला की हो! मिस्त्रींनी झाकणाला बारीक भोक पाडले आणि दोनशे रुपये मागितले.

आणि इथे आमच्या मामांनी घासाघीस सुरू केली. एकोणीस हजार निमूटपणे मोजणारा माणूस! "भोकाचे दोनशे? पार्ट कुठला टाकला?"

माझा खरा राग इथे आहे. डॉक्टरने तपासून 'काही झालेले नाही' म्हटले की आपल्याला फी जड वाटते, आणि सलाइन लावली की पैसे वसूल. गॅरेजात तेच. आपण लोखंडाचे पैसे देतो, अकलेचे देत नाही. मग गॅरेजवाला लोखंडच विकणार, त्याला तरी का शिव्या द्या? तीन प्रश्नांचा दर ठरवा, पाटीवर लिहा आणि गिऱ्हाइकाने तो मुकाट्याने द्यावा. नाहीतर हे म्हातारे मिस्त्री जातील आणि धडधाकट इंजिने भंगाराच्या काट्यावर चढतील, झाकणाला भोक नव्हते म्हणून.

दोनशे रुपये शेवटी मीच दिले. गाडी आता नांदेडला जाऊन-येऊन करते. मामा पानाच्या ठेल्यावर सगळ्यांना सांगतात, "एवढा नवा कार्बोरेटर टाकला, सुधारणारच ना!"