रीडिंग नाही म्हणजे शून्य नाही!

"खरा शूर माणूस कधी मेडल मागत नाही." हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय, की ते खरंच वाटायला लागलंय. कोणी म्हातारा सैनिक "मला अजून एक मेडल मिळायला हवं होतं" म्हणाला, की लगेच कोणीतरी म्हणतं, "आता या वयात कशाला हवंय यांना?" माझं मत वेगळं आहे. निदान एका मेडलच्या बाबतीत तरी मागण्यात काहीच लाज नाही. ते मेडल म्हणजे अमेरिकेचं पर्पल हार्ट.

तुम्ही म्हणाल, आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात अमेरिकेचं मेडल कशाला? थोडा धीर धरा, शेवटी आपण सांगलीपर्यंत येणार आहोत.

पर्पल हार्ट हे शौर्याचं मेडल नाही, जखमेचं आहे. १७८२ साली जॉर्ज वॉशिंग्टनने सैनिकांसाठी जांभळ्या कापडाच्या हृदयाचा एक बॅज सुरू केला. नंतर दीडशे वर्षं तो जवळजवळ विस्मरणात गेला. १९३२ मध्ये, वॉशिंग्टनच्या जन्माला २०० वर्षं झाली तेव्हा, तो मेडलच्या रूपात परत आला. शत्रूच्या हल्ल्यात जो जखमी होतो किंवा मारला जातो, त्याला ते मिळतं. बाकीच्या मेडल्ससाठी वरच्या ऑफिसरने शिफारस करावी लागते. इथे तसं नाही. नियमात बसलात की तो तुमचा हक्क. म्हणजे हे मेडल मागणं आणि ऑफिसात जाऊन आपली मार्कशीट मागणं, यात फार फरक नाही.

आता दुसऱ्यांदा जखम झाली तर? दुसरं अख्खं मेडल छातीवर लावत नाहीत. त्याच रिबनवर आर्मीत ओकच्या पानांची एक छोटी पिन लागते, नेव्हीत छोटी सोनेरी चांदणी. नियम कडक आहेत. एकाच स्फोटात अंगात पाच तुकडे घुसले तरी मेडल एकच. थंडीने बोटं गोठली तर मेडल नाही. जखम अशी हवी की तिला वैद्यकीय उपचार लागले, आणि त्या उपचारांची नोंद सरकारी कागदावर झाली.

सगळी गोम या शेवटच्या अटीत आहे... नोंद!

लढाई चालू असताना खंदकात कोणीतरी पट्टी बांधतो आणि सैनिक परत बंदूक उचलतो. त्या क्षणी फॉर्म कोण भरणार? बरं, भरला, तरी तो टिकला पाहिजे ना. १२ जुलै १९७३ ला सेंट लुइस इथल्या सैनिकी रेकॉर्डच्या इमारतीला आग लागली. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली गेल्या. १९१२ ते १९६० या काळात आर्मीतून बाहेर पडलेल्यांची सुमारे ८० टक्के रेकॉर्ड्स त्यात होती, म्हणजे दोन्ही महायुद्धं आणि कोरिया. फायलींच्या मजल्यांवर स्प्रिंकलर नव्हते आणि या कागदांची दुसरी कॉपीही ठेवलेली नव्हती. बॅकअप न घेता प्रोजेक्ट एकाच पेन ड्राइव्हवर ठेवणाऱ्या आपल्या मित्रांना आपण किती हसतो!

अशा वेळी म्हातारा सैनिक अर्ज करतो, "माझी एक जखम नोंदवलीय, दुसरी राहिली." आणि उत्तर येऊ शकतं, "तुमच्या दुसऱ्या जखमेची नोंद आढळत नाही." म्हणजे फाईल सांभाळायचं काम ऑफिसचं, फाईल जळली ऑफिसची, आणि पुरावा आणायचा कोणी? तर ज्याला गोळी लागली त्याने!

आपण इंजिनीअरिंगवाले आहोत. लॅबमध्ये एखादं रीडिंग घ्यायचं राहिलं, तर त्या कॉलममध्ये आपण शून्य लिहीत नाही. लिहिलं तर सर जर्नल तोंडावर फेकतील. रीडिंग नाही म्हणजे रीडिंग शून्य, असं होत नाही. ही साधी गोष्ट सरकारी ऑफिसांना मात्र पटत नाही.

ओझी फ्लेचर हे नाव ऐकलंय? हा कृष्णवर्णीय सैनिक १९४४ मध्ये नॉर्मंडीत जखमी झाला. त्या काळी अमेरिकन सैन्यात गोरे आणि काळे वेगवेगळ्या तुकड्यांत असत. अनेक काळ्या सैनिकांच्या जखमांकडे कोणी लक्षच दिलं नाही. फ्लेचर यांना पर्पल हार्ट मिळालं जून २०२१ मध्ये. वय ९९! जखम ७७ वर्षं अंगावर होती, कागदावर नव्हती.

हे सगळं जुन्या काळातलं, आता कॉम्प्युटर आहेत, असं वाटत असेल तर अल-असदचं उदाहरण बघा. ८ जानेवारी २०२० ला इराणने इराकमधल्या या अमेरिकन तळावर क्षेपणास्त्रं टाकली. आधी जाहीर झालं की कोणालाही इजा नाही. नंतर आकडा वाढत वाढत ११० च्या आसपास गेला. सगळ्यांच्या मेंदूला स्फोटाच्या धक्क्याने दुखापत झालेली. त्या वर्षी पर्पल हार्ट मिळालं फक्त २९ जणांना. बोंबाबोंब झाल्यावर फायली परत उघडल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये अजून ३९ जणांना ते मंजूर झालं. ते ३९ जण आधी जखमी नव्हते का? होतेच. फक्त कोणी नीट बघितलं नव्हतं.

आता दुसरी बाजू. असं सगळ्यांना वाटत सुटलं तर मेडलची किंमत काय राहील? प्रश्न चुकीचा नाही. व्हिएतनाममध्ये तीन पर्पल हार्ट मिळवलेले जॉन केरी २००४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. तेव्हा "ह्या कसल्या जखमा, नुसते ओरखडे" म्हणून विरोधी पक्षाच्या अधिवेशनात काही लोक जांभळं हार्ट काढलेल्या चिकटपट्ट्या लावून आले होते. मला वाटतं, नियम कडक ठेवायला काहीच हरकत नाही. पण दोन गोष्टींची गल्लत नको. जखम नियमात बसते का, हा एक प्रश्न. कागद शिल्लक आहे का, हा दुसरा. पहिल्यात कितीही कडक राहा. दुसऱ्यात माणुसकी दाखवा. तुकडीचे रोजचे रिपोर्ट बघा, हॉस्पिटलची भरतीची नोंद शोधा, सोबत्यांची शपथेवरची साक्ष घ्या, अंगात अजून राहिलेल्या तुकड्याचा एक्स-रे बघा. आणि एवढं करूनही शंका उरली, तर जिच्या हातून फाईल गेली त्या यंत्रणेने त्या शंकेचा फायदा सैनिकाला द्यावा.

पण एक मेडल असताना दुसरं कशाला, असं कोणी म्हणेल. तिथे पर्पल हार्टवाल्यांना माजी सैनिकांच्या उपचारांच्या यादीत वरचा क्रम मिळतो, पण तो एका मेडलवरच मिळतो. नखाएवढ्या पिनसाठी ८०-९० वर्षांचा माणूस वर्षानुवर्षं पत्रं लिहितो, याला हाव म्हणणं मला तरी जमत नाही. तो एवढंच म्हणतोय, की माझ्याबरोबर जे घडलं ते पूर्ण लिहा, अर्धं नको.

आपल्याकडेही १९७३ पासून शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्यांसाठी वुंड मेडल आहे. आणि पुराव्याचं ओझं कोणावर, हा प्रश्न आपल्या सुप्रीम कोर्टात आलेला आहे. २०१३ च्या धर्मवीर सिंग खटल्यात कोर्टाने म्हटलं, की भरतीच्या वेळी सैनिक ठणठणीत होता आणि आजाराची नोंद नव्हती, तर नंतरचं अपंगत्व नोकरीमुळेच आलं असं धरायचं. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. मामला पेन्शनचा होता, मेडलचा नव्हता, पण तत्त्व हेच.

आणि आपले मुरलीकांत पेटकर! सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे, सैन्यात आपल्याच धंद्यातले, म्हणजे ईएमईचे जवान. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात गोल्ड जिंकलं. १९८२ मध्ये त्यांनी अर्जुन पुरस्कार मागितला, तेव्हा त्यांचा अर्ज नाकारला गेला. जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी, राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना तो पुरस्कार मिळाला आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या छानच होत्या. पण ४० वर्षांपूर्वी त्यांनी मागितलं तेव्हा त्यांच्याकडे कोणी कसं बघितलं असेल?

मित्रांनो, आपल्यातले काही जण उद्या सैन्यात जातील, काही सरकारी नोकरीत जाऊन खुर्चीवर बसतील. समोर अशी फाईल आली, तर रिकाम्या रकान्यात शून्य भरायच्या आधी एकदा त्या माणसाला बोलवा आणि विचारा, "काका, कुठे लागलं होतं?"