पडद्यावरची माणसे पोटासाठी काय करतात?

मी चित्रपटांची अभ्यासक नव्हे. वर्षाकाठी दोन-तीन चित्रपट चित्रपटगृहात पाहावेत, बाकीचे घरी टीव्हीवर किंवा मोबाईलच्या टीचभर पडद्यावर, एवढाच माझा बेताचा व्यासंग. छायाचित्रण, संकलन यांतले मला फारसे कळत नाही. तरीही चित्रपट संपला की मन आपला निकाल देऊन मोकळे होते. हा निकाल कशावरून लागतो याचा मी पुष्कळ विचार केला, आणि लक्षात आले की माझी कसोटी एकच आहे. पडद्यावरची माणसे पोटासाठी काय करतात? राहतात कुठे, आणि त्या जागेचे भाडे कोण भरते?

ही कसोटी मी कोणत्याही पुस्तकातून घेतलेली नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा एका कारखान्यात पॅकिंग खात्यात आहेत, आई चार घरी पोळ्या करते. हेंद्रेपाड्यातल्या आमच्या चाळीत कोणी नवे बिऱ्हाड आले, कोणाला स्थळ सांगून आले, की पहिला प्रश्न हाच असतो, "काय करतात?" जो प्रश्न आम्ही शेजाऱ्याला विचारतो, तो नायकाला का विचारू नये?

सुरुवात आमच्याच गावापासून करते. २०१५ साली श्रीराम राघवन यांचा 'बदलापूर' हा हिंदी चित्रपट आला. त्या वेळी मी शाळेत होते. मोठ्या माणसांना आपल्या गावाचे नाव पोस्टरवर आल्याचे कोण कौतुक! चित्रपट मी गेल्या वर्षी पाहिला. नवाजुद्दीन सिद्दीकी यांचा लायक हा गुन्हेगार इतका जिवंत आहे की त्याचा राग येता येता त्याची कीव येऊ लागते. सूड घेणाऱ्याच्या हाती शेवटी काय उरते, हा प्रश्नही चित्रपट प्रामाणिकपणे विचारतो. पण त्यातले बदलापूर मला कुठेच भेटले नाही. बायको-मुलाच्या खुनानंतर नायक पुण्याहून इथे येऊन राहतो, आणि गावाचे नाव 'बदला' या शब्दावरच्या कोटीपुरते कामी येते. हेच गाव पहाटेपासून डबे भरते, फलाटावर धावते आणि लोकलच्या दारात लोंबकळत मुंबईला जाते. उल्हास नदी फुगली की सखल वस्तीत पाणी शिरते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले, ही गोष्ट कोणत्या चित्रपटाहून कमी आहे?

गावाच्या नावाविषयी जुनी माणसे वेगळेच सांगतात. पूर्वी प्रवासात घोडे बदलण्याचे हे ठिकाण होते, म्हणून बदलापूर. दंतकथा असेल, पण ती मला आवडते, कारण तिच्यात सूड नाही, काम आहे. इतिहासावरचे 'फर्जंद' (२०१८), 'पावनखिंड' (२०२२) यांसारखे चित्रपट मी आवडीने पाहिले. बाजीप्रभूंच्या पराक्रमाने कोणाचा ऊर भरून येणार नाही? तरी राहून राहून वाटते, दौडून आलेल्या घोड्यांना चंदी-वैरण घालणारा मोतद्दारही घटकाभर दिसावा. स्वराज्य त्याचेही होतेच की.

कोणी म्हणेल, ही मुलगी विनोदालासुद्धा हजेरीपत्रक मागेल. तसे मुळीच नाही. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) हा माझा सर्वांत लाडका चित्रपट. सचिन पिळगांवकर यांच्या या चित्रपटाचे मूळ हृषीकेश मुखर्जी यांच्या 'बीवी और मकान' (१९६६) या हिंदी चित्रपटात आहे, हे मला फार उशिरा कळले. पण या गोष्टीचा गाभा काय आहे, पाहा. चार तरुणांना पुण्यात राहायला जागा हवी आहे. घरमालकीण जोडप्यांनाच जागा देणार, म्हणून दोघांना लुगडी नेसावी लागतात. धनंजय माने दुकानात नोकरी करतो, सत्तर रुपयांचा हिशेब अंगाशी येतो. डोक्यावर छप्पर नाही ही खरी अडचण आहे, म्हणूनच पुढचे सगळे खोटे आपल्याला खपते. ज्यांनी भाड्याची खोली शोधली आहे ते या चित्रपटाला इतरांपेक्षा थोडे जास्त हसतात, असे माझे निरीक्षण आहे.

आता 'सैराट'. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. शंभर कोटींच्या कमाईचा टप्पा ओलांडणारा हा पहिला मराठी चित्रपट. त्याच्या पूर्वार्धावर सारा महाराष्ट्र नाचला. उत्तरार्ध मात्र रटाळ आहे, असे आपल्या कट्ट्यावरही अनेकांचे मत ऐकले. माझे मत नेमके उलट आहे. पाटलाची आर्ची आणि मासेमारी करणाऱ्याचा परश्या हैदराबादला पळून जातात, तिथे गाणी थांबतात आणि जगणे सुरू होते. परश्या डोशाच्या गाडीवर राबतो. बुलेट उडवणारी आर्ची बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते. पत्र्याच्या खोलीत भांडणे होतात, रडणे होते, आणि हळूहळू संसार उभा राहतो. मारामारीच्या प्रसंगांत हटकून डुलक्या घेणारे आमचे बाबा इथे सावरून बसले. म्हणाले, "पट्ट्याजवळ उभं राहायला पहिले आठ दिवस असेच जड जातात. मग पाय तयार होतात." बाबांनी एखाद्या नायिकेविषयी काही बोलावे, असे आमच्या घरात प्रथमच घडले.

याच गोष्टीवरून २०१८ साली हिंदीत 'धडक' निघाला. गोष्ट उदयपूरला गेली आणि नायक हॉटेलवाल्याचा मुलगा झाला. जातीचा उल्लेख येतो तो ओझरता. प्रेमिक सुंदर, तळी सुंदर, वाडे सुंदर! पण या दोघांच्या मधली दरीच बुजवून टाकल्यावर ते पळतात कशासाठी, आणि मोठी माणसे एवढी पेटतात कशासाठी? चित्रपट मला दिखाऊ वाटला तो यामुळे.

मंजुळे यांच्याच 'फँड्री'मध्ये (२०१३) शाळकरी जब्याला जीन्सची पँट हवी असते, म्हणून तो सायकलवरून बर्फाच्या कांड्या विकतो. शेवटी साऱ्या गावासमोर, शाळेतल्या मुलीसमोर, त्याला बापाबरोबर डुकरे धरावी लागतात. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि डुकरामागे धावणारे कुटुंब जागच्या जागी उभे राहते. वर्गात 'तुझे वडील काय करतात?' असे विचारल्यावर ज्याने उत्तर क्षणभर गिळले आहे, त्याला या चित्रपटाची वेगळी समीक्षा नको.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला (२०१४) सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराच्या मृत्यूवरून एका वृद्ध लोकशाहिरावर खटला चालतो. वीरा साथीदार यांनी तो शाहीर साकारला आहे. मृताची पत्नी साक्षीत सांगते, की मॅनहोलमध्ये आधी खडा टाकायचा आणि झुरळ बाहेर आले तरच आत उतरायचे, कारण मग आत श्वास घेता येतो. एवढ्या शांतपणे सांगितलेली एवढी भयंकर गोष्ट मी दुसरीकडे ऐकलेली नाही. आणि शाहिराला तुरुंगात धाडू पाहणारी सरकारी वकील कोणी राक्षसीण नाही. ती लोकलने घरी जाते, गाडीत साडीच्या नि तेलाच्या गप्पा मारते, मुलाला पाळणाघरातून घेते आणि स्वयंपाकाला लागते. अन्याय करणारी माणसेही आपल्यासारखीच दमून घरी येतात, हे मला या चित्रपटाने शिकवले.

याउलट ज्या चित्रपटाविषयी मैत्रिणी भरभरून बोलत होत्या, त्या 'दुनियादारी'ने (२०१३) माझी निराशा केली. सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट महाविद्यालयीन जीवनाचा म्हणून गाजला. त्यात कट्टा आहे, दोस्ती आहे, प्रेम आणि हाणामारीही आहे. पण फी भरण्याची शेवटची तारीख, शिष्यवृत्तीचा अर्ज, ग्रंथालयातली फाटकी प्रत आणि नापास झालो तर घरी काय सांगू ही धाकधूक, हे माझे महाविद्यालयीन जीवन त्यात मला सापडले नाही.

२०२३ साली 'बाईपण भारी देवा' पाहायला बायका घोळक्याने चित्रपटगृहात गेल्या. मी आईला नेले. तिकिटांचे पैसे म्हणजे बाबांची एका दिवसाची हजेरी. मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येणाऱ्या सहा बहिणी पाहून आई पोटभर हसली, एक-दोनदा डोळ्यांना पदर लावला. बाहेर आल्यावर म्हणाली, "छान होतं गं. पण या बायकांना सरावाला वेळ कोण देतं?" या चित्रपटाचे याहून नेमके परीक्षण मी वाचलेले नाही. आईला तो आवडला आणि तिने प्रश्नही विचारला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

यावर नेहमीचा आक्षेप असा की दिवसभर राबणाऱ्याला पडद्यावर पुन्हा राबणेच कशाला दाखवायचे? त्याला चार घटका विसरू द्या की! हा आक्षेप बहुधा न राबणारेच घेतात. बाबा जागे राहिले ते कारखान्याच्या प्रसंगात.

शिवाय आपला चित्रपट जन्मला तोच कष्टकऱ्यांच्या हातून. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळेना. हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी ती केली. सरस्वतीबाई फाळके यांनी सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे किचकट कामही केले. परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'मध्ये (२००९) हे सारे हसतखेळत येते. नटाच्या धंद्याला प्रतिष्ठा नव्हती, म्हणून 'हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत' असे सांगण्याची युक्ती होती. मला ही युक्ती फार आवडते. कारण ती खोटी नव्हतीच. ते खरोखर कामाला होते.

आपल्या महाविद्यालयात कविता करणारे पुष्कळ आहेत, एकांकिकाही दरवर्षी बसतात. त्यांच्यापैकी कोणी पुढे चित्रपट लिहिला, तर माझी एक विनंती आहे. नायक-नायिका कशीही असोत, पहिल्या पानावर त्यांचा धंदा, पगार आणि घरभाडे लिहून ठेवा. पुढची गोष्ट मग सहसा खोटी होणार नाही.

(द्वितीय वर्ष, कला)