आपल्यातले पुरुष प्रेम करत नाहीत का?

काळाचौकीतल्या वाचनालयातून माझी मुलगी 'राऊ' घेऊन आली. सिनेमा तिने आधीच पाहिला होता. दोन रात्री जागून कादंबरी संपवली, थोडी रडली, आणि सकाळी चहा पिताना विचारलं, "अब्बा, या पुस्तकांत आपल्यातले पुरुष कुणावर प्रेम करतच नाहीत का?"

मी हसण्यावारी नेलं. पण प्रश्न डोक्यातून जाईना.

ना. सं. इनामदारांवर माझा राग नाही. १९७२ साली त्यांनी मस्तानीला माणूस म्हणून उभं केलं. 'शहेनशहा' लिहून औरंगजेबालाही समजून घेतलं. माझं भांडण साच्याशी आहे. हरिभाऊ आपट्यांच्या 'वज्राघात'मध्ये रामराजा आणि मेहेरजान, 'राऊ'त बाजीराव आणि मस्तानी. प्रेम करणारा तिकडचा, जीव ओवाळणारी इकडची. इकडचा पुरुष कादंबरीत आला की एक तर बायका पळवतो, नाही तर विडा उचलतो. खलनायकी नको असेल तर इमानदार नोकर व्हायचं, एवढीच सवलत.

परदेशात बघा. मध्ययुगीन आयर्लंडवर इंग्रजीत प्रेमकादंबऱ्या निघतात. तिथे बाहेरून चालून आलेला नॉर्मन सरदारसुद्धा नायक होऊ शकतो. ११७० मध्ये स्ट्राँगबोने लेन्स्टरच्या राजाची मुलगी ईफा हिच्याशी लग्न केलं. तो सौदा राज्यासाठीच होता, तरी कादंबरीकाराला अशा आक्रमकाला हृदय द्यायला अडचण वाटत नाही. आणि आम्ही तर बाहेरचेही नाही. मराठीत भांडतो, मराठीत रडतो, काळाचौकीत भाडं भरतो.

"मग तुम्हीच लिहा की," असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, आणि इथेच आपली चूक आहे. दर शिवजयंतीला आपण तीच यादी काढतो: काझी हैदर, दौलतखान, पानिपतावरचा इब्राहिमखान गारदी. यादी खरी आहे. पण हे सगळे दाखले निष्ठेचे. जणू कुणी दारात उभं राहून ओळखपत्र मागतंय आणि आपण पिढ्यान् पिढ्या खिसे चाचपतोय! यातला कुणी रात्री जागला, कुणाच्या पत्राची वाट पाहिली, हे लिहायला आपल्यालाच सुचलं नाही. कधी कधी वाटतं, आपल्याला ते हलकं वाटतं. इश्काची शायरी उर्दूत चालते, मराठीत आलो की आपण अर्जच लिहितो.

शमशेर बहादूर घ्या. बाजीराव-मस्तानीचा मुलगा. १७४० मध्ये सहा वर्षांचा असताना आई-बाप दोघेही गेले. पेशव्यांच्या घरात वाढला, पण पेशवा होऊ शकत नव्हता. लग्न झालं, मुलगा झाला, अलीबहादूर, ज्याच्या वंशाने पुढे बांद्याची नवाबी केली. पानिपतावर जखमी होऊन १७६१ मध्ये, वयाच्या सत्तावीसाव्या वर्षी शमशेर गेला. पाबळला आईची कबर बघायला लोक जातात. मुलाचं नाव बहुतेकांना लढाईच्या यादीत भेटतं. त्याच्या बायकोने पानिपताची बातमी कशी ऐकली असेल? एवढ्या एका प्रसंगावर तीनशे पानं होतील.

वाचनालयातल्या कपाटात मी त्याच्यावरची कादंबरी शोधली, मिळाली नाही. तुमच्यापैकी कुणी लिहीत असेल तर कळवा. कच्चा खर्डा असला तरी चालेल. मुद्रितं मी तपासून देईन, पैसे घेणार नाही. फक्त त्यात त्याच्या निष्ठेचं प्रकरण शेवटी टाका.