ॲप छोटे, अमानत मोठी

नमाजची वेळ आता घराघरांत मोबाइल सांगतो. किब्ला तोच दाखवतो, तसबीह तोच मोजतो, नानीच्या गोळीची आठवणही तोच करून देतो. या सोयीला आम्ही नावे ठेवणार नाही. पण दारात आलेल्या अनोळखी माणसाला आपण 'काय काम आहे?' असे विचारतो. तेवढे फोनमध्ये येणाऱ्या ॲपलाही विचारले पाहिजे.

का, ते सांगतो. नोव्हेंबर २०२० मध्ये 'मदरबोर्ड' या अमेरिकी वृत्तस्थळाने एक बातमी दिली. 'मुस्लिम प्रो' हे नमाजच्या वेळा सांगणारे ॲप तेव्हा जगभरात ९ कोटी ८० लाखांहून अधिक वेळा डाउनलोड झाले होते. ते वापरणाऱ्यांचे लोकेशन 'एक्स-मोड' या माहितीचा व्यापार करणाऱ्या कंपनीकडे जात होते आणि तिच्या ग्राहकांत अमेरिकी सैन्याचे कंत्राटदार होते. बातमी येताच ॲपच्या कंपनीने 'एक्स-मोड'शी संबंध तोडल्याचे जाहीर केले. पुढे जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 'एक्स-मोड'वर संवेदनशील ठिकाणांची माहिती विकण्यास बंदी घातली. कोण कोणत्या मशिदीत जातो, कोणत्या दवाखान्यात जातो, ही माहिती बाजारात मांडण्याची वस्तू नव्हे.

आता गंमत पाहा. नमाजच्या वेळा सूर्यावरून ठरतात. गावाचे अक्षांश-रेखांश आणि तारीख कळली की फोन स्वतःच हिशेब करतो. इंटरनेटही लागत नाही. यादीतून गावाचे नाव निवडले तरी पुरते. असरचेच घ्या. दुपारची मूळ सावली वगळून वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी झाली की शाफई पद्धतीने असर सुरू होते. हनफी पद्धतीने ती दुप्पट व्हावी लागते. त्यामुळे कोकणातल्या शाफई घराने आणि मराठवाड्यातल्या हनफी घराने ॲपमधली ही निवड जरूर तपासावी. पण या साऱ्या हिशेबात तुमचे फोननंबर, फोटो किंवा दिवसभराचा फेरफटका कुठे लागतो?

काम एक आणि मागणी तेवढ्यापुरतीच, ही चांगल्या ॲपची खूण. असे ॲप बनवता येते. ब्रिटनमधील काही तरुण मुस्लिमांनी जाहिरातींविना चालणारे, खासगीपणा जपणारे 'पिलर्स' हे नमाजचे ॲप बनवले आहे.

आपल्या मुलामुलींनाही हे जमेल. 'एमआयटी ॲप इन्व्हेंटर' हे साधन मोफत आहे. त्यात कोड लिहायचा नसतो, रंगीत ठोकळे एकमेकांत बसवायचे असतात. आठवी-नववीच्या मुलीने सुटीत नानीसाठी गोळ्यांचे ॲप करावे. प्रत्येक गोळीचा फोटो, खाली 'घेतली' असे मोठे बटण, आणि फोटोवर बोट ठेवताच नातीच्या आवाजात 'नानी, ही बीपीची गोळी, नाश्त्यानंतर घ्यायची.' नोंद फोनमध्येच राहील अशी सोय त्या साधनात आहे. गोळ्या कोणत्या आणि कधी, हे मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून मोठ्यांनी तपासून द्यावे.

मुलगी हे बनवू लागली की प्रश्न आपोआप पडतात. नानीचे वय विचारायची गरज आहे का? तिच्या आजाराची नोंद बाहेर का जावी? रोज ॲप उघडावे म्हणून तिला आमिष दाखवायचे का? ज्या मुलीने या प्रश्नांची उत्तरे स्वतः शोधली, ती उद्या कुठल्याही ॲपला डोळे मिटून 'परवानगी द्या' म्हणणार नाही. आम्हा शिक्षकांना गुणांपेक्षा ही समज मोलाची वाटते.

दुसऱ्याची ठेव सांभाळणे म्हणजे अमानत, हे आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. दुसऱ्याची माहितीही ठेवच आहे.

आज इशानंतर दहा मिनिटे काढा. फोनच्या सेटिंगमध्ये ॲपच्या परवानग्यांची यादी असते. लोकेशन, माइक, संपर्क कोणाकोणाला दिले आहेत, ते मुलांना सोबत बसवून पाहा. ज्याचे काम त्याविना चालते, त्याची परवानगी काढून घ्या.